म्हातारा बॉलर, मोठी बोली: जुन्या माणसाला जास्त पैसे देऊन परत आणायचं का?



३ मे २०२४, वानखेडे. मुंबई इंडियन्सला १७० करायचे होते, समोर कोलकाता. १९ वी ओव्हर टाकायला मिचेल स्टार्क आला. तोच स्टार्क, ज्याच्या २४ कोटी ७५ लाखांवर आपल्या डोंबिवली-ठाकुर्लीतल्या प्रत्येक कट्ट्यावर महिनाभर जोक सुरू होते. त्या एका ओव्हरमध्ये त्याने तीन विकेट काढल्या. मुंबई १४५ ला ऑलआऊट. स्टार्कच्या नावावर ३३ रनमध्ये ४ विकेट. वानखेडेवर कोलकाता १२ वर्षांनी जिंकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलेली मुंबईची फॅन मंडळी काय म्हणाली? "नशीब होतं त्याचं." "आमचे बॅट्समनच गाढव." आणि एक जण हळूच म्हणाला, "आपण घ्यायला पाहिजे होता यार."

या तिन्ही वाक्यांत धंद्याचा धडा आहे. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून हिशोबासकट इथे सविस्तर लिहितोय.

प्रश्न तुमचाही आहे. दर महिन्याच्या बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच: "सर, आमच्याकडे आधी एक आचारी होता, हात सोन्याचा, आता परत यायला तयार आहे, पण पगार दुप्पट मागतोय." किंवा, "समोरच्या दुकानातला जुना सेल्समन रिटायर झालाय. घेऊ का? लोक हसतील का?" आचारी असो, टेलर मास्तर असो की काउंटरचा माणूस, प्रश्न एकच: नाव मोठं, वय झालेलं, पैसे जास्त. घ्यायचा की नाही?

आधी चार केस बघू

क्रिकेट टीम म्हणजे धंदाच आहे. ठरावीक पैसे, ठरावीक जागा आणि समोर नऊ स्पर्धक. फरक इतकाच की त्यांचे पगार सगळ्यांना माहीत असतात. म्हणून शिकायला सोपं.

झहीर खान, मुंबई, २०१४. आपला श्रीरामपूरचा माणूस. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट, शाहिद आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त. २००९ आणि २०१० मध्ये तो मुंबईकडून खेळला होता, मग बंगळुरूला गेला. २०१४ च्या लिलावात मुंबईने त्याला २ कोटी ६० लाखांना परत आणलं, तेव्हा वय ३५. सहा मॅचनंतर दुखापत झाली, सीझन संपला. त्याच्या जागी प्रवीण कुमारला घ्यावं लागलं, ज्याला लिलावात कोणीच घेतलं नव्हतं.

लसिथ मलिंगा, मुंबई, २०१९. मुंबईचा वर्षानुवर्षांचा हुकमी एक्का. २०१८ च्या लिलावात कोणी घेतला नाही, मुंबईनेही नाही. त्या सीझनमध्ये तो मुंबईचाच बॉलिंग मेंटॉर होता. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईने त्याला बेस प्राइसला, म्हणजे २ कोटींना, पुन्हा खेळाडू म्हणून घेतलं. वय ३५. त्या सीझनमध्ये १६ विकेट. आणि फायनल तुम्हाला आठवत असेलच, पुढे येतोच त्याच्यावर.

मिचेल स्टार्क, कोलकाता, २०२४. आयपीएल शेवटचं खेळला २०१५ मध्ये. २०१८ मध्ये कोलकात्यानेच ९ कोटी ४० लाखांना घेतलं होतं, पण दुखापतीमुळे आलाच नाही. तरी डिसेंबर २०२३ मध्ये त्याच टीमने २४ कोटी ७५ लाख मोजले. तोपर्यंतची आयपीएलमधली सगळ्यात मोठी बोली. वय ३३.

रविचंद्रन अश्विन, चेन्नई, २०२५. चेन्नईचाच मुलगा. २०१५ पर्यंत पिवळ्या जर्सीत, मग पुणे, पंजाब, दिल्ली, राजस्थान असा फिरला. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात चेन्नईने ९ कोटी ७५ लाखांना घरी आणलं. वय ३८. महिन्याभरात त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं, ५३७ टेस्ट विकेटवर. आयपीएलमध्ये नऊ मॅच, सात विकेट. टीम पहिल्यांदाच तळाला, दहाव्या नंबरवर. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने आयपीएललाही रामराम केला.

चौघंही मोठे, चौघांच्याही वयाबद्दल शंका होती, पण निकाल वेगवेगळे. म्हणजे "जुनं ते सोनं" हा नियम नाही आणि "म्हातारा झाला, सोडा" हाही नाही. मग नियम काय? तो काढायच्या आधी आवाज बाजूला करू.

समोरच्या टीमचे फॅन तीन आवाजात बोलतात

पहिला आवाज हसण्याचा. स्टार्कच्या पहिल्या दोन मॅच आठवा. हैदराबादविरुद्ध ५३ रन, विकेट शून्य. बंगळुरूविरुद्ध ४७ रन, विकेट शून्य. आठ ओव्हर, बरोबर १०० रन, पदरात काही नाही. व्हॉट्सॲपवर तर कॅल्क्युलेटरच चालू होता: एका बॉलला किती लाख, एका वाइडला किती लाख. मजा म्हणजे त्या दोन्ही मॅच कोलकाता जिंकलं होतं, पण हसणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरा आवाज हिशोब सांगण्याचा. "एवढ्या पैशात तीन चांगले बॉलर आले असते." हा आवाज शहाणा वाटतो, आणि कधीकधी असतोही. पण एक गंमत सांगतो. त्या लिलावात स्टार्कवर सुरुवातीला हात वर करणाऱ्यांत दिल्लीबरोबर मुंबईही होती. बोली वाढली तशा दोघी मागे सरल्या आणि शेवटची लढाई कोलकाता आणि गुजरातमध्ये झाली. म्हणजे ज्या खरेदीला मुंबईचे फॅन वेडेपणा म्हणत होते, तीच खरेदी मुंबईलाही करायची होती, फक्त कमी भावात!

तिसरा आवाज गप्प बसण्याचा. तो सगळ्यात महत्त्वाचा. २०१९ च्या फायनलला मलिंगाने तीन ओव्हरमध्ये ४२ दिले होते. १६ व्या ओव्हरमध्येच २० गेले होते. चेन्नईवाले खूश, आपले लोक डोक्याला हात लावून. तरी रोहितने शेवटची ओव्हर त्यालाच दिली. हव्या होत्या ९ रन. शेवटच्या बॉलला २ हव्या होत्या, समोर आपल्याच पालघरचा शार्दूल ठाकूर. मलिंगाने हळू यॉर्कर टाकला, एलबीडब्ल्यू, मुंबई एका रनने चॅम्पियन. त्यानंतर चेन्नईच्या कुठल्या फॅनने म्हटलं, "दोन कोटी वाया गेले"?

आता हे तुमच्या बाजारात आणा. तुम्ही नव्वद फुटी रस्त्यावर दुकान टाकलंय आणि जुना मास्तर जास्त पगारावर आणलाय. समोरचा दुकानदार चहाच्या टपरीवर हसतोय. त्याच्या हसण्याचा अर्थ काय? तीन शक्यता:

१. त्याला खरंच माहीत आहे की मास्तरचे डोळे गेलेत. तो आधी त्याच्याकडेच होता.

२. त्याला तो मास्तर हवा होता, परवडला नाही.

३. त्याला काहीच माहीत नाही, फक्त टाइमपास.

तिन्ही वेळा हसणं सारखंच ऐकू येतं. म्हणून हसण्यावर निर्णय घ्यायचा नाही आणि हसण्याला घाबरून निर्णय फिरवायचाही नाही. एकच करायचं, पहिली शक्यता तपासायची. मास्तरने आधीचं काम का सोडलं, हे शांतपणे दोन-तीन ठिकाणी विचारायचं. बाकी दोन शक्यता सोडून द्यायच्या.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: फॅनच्या खिशातून पैसे जात नाहीत. तो आज हसेल, उद्या टाळ्या वाजवेल, परवा विसरेल. महिन्याच्या सात तारखेला पगार तुम्हाला द्यायचाय.

अमेरिकेत हेच झालं होतं

बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. रॉजर क्लेमन्स हा त्यांच्याकडचा फार मोठा पिचर. १९८४ ते १९९६ बोस्टनकडून खेळला आणि पुढे बोस्टनच्या कट्टर वैऱ्याकडे, न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. म्हणजे आपल्याकडे कोणी मुंबई सोडून चेन्नईला जावं, तसं. नंतर रिटायर झाला, परत आला, असं दोन-तीनदा.

६ मे २००७. क्लेमन्स ४४ वर्षांचा. यांकीजच्याच स्टेडियममध्ये मॅच चालू असताना त्याने माइकवर जाहीर केलं की मी परत येतोय. भाव? वर्षाला २ कोटी ८० लाख डॉलरच्या हिशोबाने. त्याला परत घ्यायची इच्छा बोस्टनलाही होती. आता बोस्टनच्या फॅनचं काय झालं असेल विचार करा! निम्मे म्हणाले, बरं झालं, म्हातारा त्यांच्या गळ्यात पडला. निम्मे मनातून घाबरले, कारण माणूस मोठाच होता.

निकाल असा: त्या सीझनमध्ये क्लेमन्सच्या खात्यावर सहा विजय, सहा पराभव. पुढच्या फेरीत पायाचा स्नायू दुखावून तो मॅच अर्धवट सोडून गेला. यांकीज पहिल्याच फेरीत बाहेर. आणि त्या वर्षी चॅम्पियन कोण? बोस्टन.

पण या करारात एक शहाणपण होतं, ते सोडू नका. क्लेमन्स सीझन सुरू झाल्यावर आला, म्हणून त्याला वर्षाचा पूर्ण आकडा मिळाला नाही. जेवढे दिवस, तेवढेच पैसे. ही अट आपल्याला पुढे कामाला येणार आहे.

आकडा बघू नका, हिस्सा बघा

आता मुख्य मुद्दा. वही घ्या.

२४ कोटी ७५ लाख जास्त की कमी? एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्या टीमच्या पाकिटात किती होते ते बघा.

- झहीर, २०१४: पाकीट ६० कोटी, भाव २.६ कोटी. हिस्सा साधारण ४.३ टक्के.
- मलिंगा, २०१९: पाकीट ८२ कोटी, भाव २ कोटी. हिस्सा साधारण २.४ टक्के.
- स्टार्क, २०२४: पाकीट १०० कोटी, भाव २४.७५ कोटी. हिस्सा जवळपास २५ टक्के.
- अश्विन, २०२५: पाकीट १२० कोटी, भाव ९.७५ कोटी. हिस्सा साधारण ८ टक्के.

दिसलं का? मलिंगा अपयशी ठरला असता तरी मुंबईच्या अंगावर ओरखडासुद्धा आला नसता. झहीर सहा मॅचमध्ये गेला, त्रास झाला, पण टीम बुडली नाही. त्या वर्षी ती प्लेऑफलाही पोचली. स्टार्कच्या बाबतीत मात्र कोलकात्याने पाकिटाचा पावभाग एका माणसावर लावला. लिलावाच्या टेबलावर बसताना त्यांच्याकडे ३२ कोटी ७० लाख होते आणि भरायच्या जागा बारा. त्यातले २४ कोटी ७५ लाख एकावर गेले. उरलेल्या अकरा जागांना आठ कोटींच्या आतच.

तुम्ही म्हणाल, "पण सर, ते जिंकले ना!" हो, जिंकले. क्वालिफायरला स्टार्कने ट्रॅव्हिस हेडला शून्यावर उडवलं आणि ३ विकेट काढल्या. फायनलला पहिल्याच ओव्हरमध्ये अभिषेक शर्माचा दांडा उडवला, १४ रनमध्ये २ विकेट. दोन्ही मॅचचा सामनावीर तोच. हसणारे सगळे गप्प.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. सहा महिन्यांनी काय झालं? कोलकात्याने त्याला रिटेन केलं नाही. लिलावात दिल्लीने घेतला, ११ कोटी ७५ लाखांना. निम्म्याहून कमी! माणूस तोच, हातात आता ट्रॉफीही होती. म्हणजे काम चांगलं झालं ही एक गोष्ट आणि भाव बरोबर होता ही दुसरी. निकाल चांगला आला म्हणून आधीचा भाव योग्य ठरत नाही. पहिला भाव दोन जण एकाच वस्तूसाठी अडून बसल्यामुळे चढला होता. अश्विनच्या वेळीही राजस्थान बोलीत होतंच, त्यात घरच्या माणसाला घरी आणायची ओढ. समोर कोणीतरी हात वर करतोय म्हणून आपण हात खाली घेत नाही, ही माणसाची जुनी खोड आहे. सोसायटीतल्या दुकानाचा गाळा घेतानाही हेच होतं.

आता चेन्नईचं आणखी एक गणित बघा. त्याच लिलावात त्यांनी नूर अहमदला १० कोटींना घेतलं. म्हणजे अश्विनपेक्षा फक्त २५ लाख जास्त. नूर तेव्हा विशीही न ओलांडलेला पोरगा. त्याने सीझनमध्ये २४ विकेट काढल्या. आणि मुंबईने ३० लाखांत घेतलेल्या विग्नेश पुथूरने पहिल्याच मॅचला, तीही चेन्नईत, चेन्नईच्याच तीन विकेट काढल्या. मी असं म्हणत नाहीये की नेहमी तरुणच घ्या. म्हणायचंय इतकंच, की जुन्या नावाचा भाव ठरवताना त्याच पैशात बाजारात दुसरं काय मिळतंय, हे शोधायचा कंटाळा करू नका.

तुमच्या दुकानाचा हिशोब

आता आपल्या लेव्हलला येऊ. समजा तुमचं छोटं दुकान आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, स्वतःचे टाकून बघा.

महिन्याची विक्री ४,००,०००. माल वजा जाता मार्जिन २० टक्के, म्हणजे ८०,०००.

खर्च: भाडं २२,०००, लाइट बिल ४,०००, पोराचा पगार १४,०००, कर्जाचा हप्ता १०,०००, घरी नेता ते २०,०००. एकूण ७०,०००. हातात उरले १०,०००.

आता जुना माणूस म्हणतो, मला महिना २५,००० पाहिजेत.

बहुतेक जण इथे चूक करतात. म्हणतात, "तो आला की २५,००० ची विक्री आरामात वाढवेल." अहो, २५,००० ची विक्री वाढली तर तुमच्या हातात फक्त ५,००० येतात! पगार मार्जिनमधून द्यायचा असतो, विक्रीतून नाही. २० टक्के मार्जिनवर २५,००० काढायला विक्री वाढायला हवी १,२५,००० ने. म्हणजे ४ लाखांचे सव्वापाच लाख. ३१ टक्के वाढ, आणि तीही पहिल्याच महिन्यापासून. करेल तो?

करू शकत असेल तर जरूर घ्या. पण आधी दुसरा मार्ग बघा. अर्धा दिवस काम, ठरलेले १२,००० आणि ४ लाखांच्या वर जी विक्री होईल तिच्यावर ३ टक्के. आता तुमचा पैसा कधी सुटतो? जास्तीची विक्री साधारण ७१,००० झाली की. ती एक लाखाने वाढली तर तुम्हाला मार्जिन २०,०००, त्याला १२,००० अधिक ३,००० मिळून १५,०००, तुमच्याकडे उरले ५,०००. तोही खूश, तुम्हीही खूश. विक्री वाढलीच नाही तर तुमचं नुकसान १२,०००, २५,००० नाही. तेवढंही महिन्याला उरणाऱ्या १०,००० पेक्षा जास्तच आहे, म्हणून मुदत ठरवायलाच हवी.

माझ्या हार्डवेअर-इलेक्ट्रिकलच्या दुकानात मी हेच केलंय. एक काका आहेत, साठी ओलांडलेली, आयुष्य याच लाइनमध्ये गेलं. ओझं उचलत नाहीत, शिडीवर चढत नाहीत. पण इथल्या जुन्या बिल्डिंगमधून कोणी गळका नळ घेऊन आलं की ते हातात घेऊन सांगतात, याला कुठला वॉशर लागेल आणि तो आजकाल कुठल्या नावाने मिळतो. तरुण पोरगा तिथे अख्खा नवीन नळ विकेल. काका पाच-दहा रुपयांचा वॉशर विकतात आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी घराचं अख्खं फिटिंग माझ्याकडून नेतं. संध्याकाळी ५ ते ९, गर्दीची वेळ, तेवढीच त्यांची ड्युटी. मलिंगाला रोहितने पॉवरप्लेपासून वीस ओव्हर पळवलं नाही. जिथे अनुभव लागतो तिथेच बॉल हातात दिला.

परत आणताना या सहा गोष्टी ठरवा

१. काम नेमकं काय? "सगळं बघा तुम्ही" असं म्हणू नका. ते काम नसतं, ते ओझं असतं. एक ओळीत लिहा: मोतीचूर आणि काजूकतली, बस. ब्लाउजचं कटिंग, शिलाई नाही. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन, डिलिव्हरी नाही.

२. काल काय केलं नाही, आज काय होतं? नाव कालचं असतं, हात आजचा बघायचा. आठ दिवस रोजंदारीवर काम करून घ्या. मोठ्या माणसाची परीक्षा कशी घ्यायची म्हणून लाजू नका. "काका, आठ दिवस बसू एकत्र, तुम्हालाही आमचं दुकान पटतंय का बघा" असं म्हणा. मान राहतो आणि काम कळतं.

३. जेवढे दिवस, तेवढे पैसे. क्लेमन्सची अट. गणपती ते दिवाळी तुमचा सीझन असेल तर तेवढाच करार करा. बारा महिन्यांचं ओझं कशाला?

४. बदली कोण? झहीर सहा मॅचमध्ये गेला तेव्हा प्रवीण कुमार शोधावा लागला. वय झालेल्या माणसाला गुडघा, बीपी, घरचं दुखणंखुपणं असणारच. ते गृहीत धरा. पहिल्या दिवसापासून एक पोरगा त्याच्या बाजूला उभा करा, शिकायला. खरं तर जास्तीचे पैसे तुम्ही निम्मे या शिकवण्याचेच देताय.

५. निकाल कधी बघायचा, ती तारीख आधीच लिहा. दोन मॅचवर स्टार्कला काढला असता तर फायनलला कोण होतं? आणि नऊ मॅचनंतरही "आज ना उद्या चालेल" म्हणत बसलात तर धंदा दहाव्या नंबरवर. छोट्या दुकानाला तीन महिने ठीक आहेत. तारीख कॅलेंडरवर गोल करा. त्या दिवशी जास्तीची विक्री किती, हे बघायचं. मूड बघायचा नाही.

६. वरची मर्यादा एकट्याने ठरवा, समोरच्याच्या तोंडाकडे बघून नाही. बोलणी करायला जायच्या आदल्या रात्री आकडा वहीत लिहा. त्याच्या वर "पलीकडचा एवढे देतोय" असं ऐकू आलं की हात जोडा, चहा पाजा, घरी या.

आणि जो कधी गेलाच नाही, त्याचं काय?

हा मुद्दा कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

२०२४ च्या त्याच कोलकाता टीममध्ये सुनील नारायण होता. २०१२ पासून तिथेच. फायनल झाली २६ मे ला, तो त्याचा ३६ वा वाढदिवस. म्हणजे स्टार्कपेक्षाही मोठा. त्या सीझनमध्ये स्टार्कच्या विकेट १७ आणि नारायणच्याही १७. वर नारायणचे ४८८ रन. त्याचा भाव? ६ कोटी. स्टार्कच्या पावभाग!

तुमच्या दुकानातही एक नारायण असतो. पाच-सात वर्षं इमानेइतबारे काम करणारा, पगार १४,०००, कधी तोंड उघडून मागितलेलं नाही. तुम्ही बाहेरून २५,००० वाला आणता तेव्हा तो काही बोलत नाही. पण सकाळी शटर उघडायला दहा मिनिटं उशीर व्हायला लागतो. मग उधारीच्या वहीत नोंद राहते. मग एक दिवस तो समोरच्या दुकानात दिसतो आणि तुमची सगळी गिऱ्हाइकं ओळखत असतो.

म्हणून जुना स्टार आणायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, तुमच्या नारायणला स्वतः बसवून सांगा: हे का येतायत, किती दिवस येतायत, आणि त्यांच्याकडून तू काय शिकणार. दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. दोन, वाढलेल्या विक्रीतला थोडा हिस्सा त्यालाही ठेवा, १ टक्का का होईना. वरच्या हिशोबात तो बसतो: एक लाखावर १,०००, तुमच्याकडे तरी ४,००० उरतात.

माणूस आहे, मशीन नाही

शेवटचा मुद्दा हिशोबाचा नाही, पण धंद्याचा आहे.

परत येणारा माणूस फक्त पैशासाठी येत नाही. ज्याने तीस वर्षं काउंटर सांभाळला, त्याला घरी बसून टीव्हीचा रिमोट सांभाळणं जड जातं. तो यायला तयार होतो तेव्हा तोही डाव लावतो, स्वतःच्या नावाचा. चालला नाही तर लोक म्हणणार, "बघितलं? म्हातारा झाला." तुमचे फार तर तीन महिन्यांचे पैसे जातील. त्याची आयुष्यभराची पत जाते. म्हणून कामं ठरवताना त्याला पडायला लावतील अशी कामं देऊ नका. आणि थांबायची वेळ आली तर ती बातमी बाजाराला त्याच्याकडून कळू दे, तुमच्याकडून नाही. एक शाल, एक पेढ्याचा बॉक्स आणि "काका, सीझनला या" एवढं म्हणायला फार खर्च येत नाही. हे बघणारा तुमचा बाकीचा स्टाफ मनात नोंद करत असतो: मालक शेवटी माणसाशी कसा वागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या. वर त्या माणसाचं नाव लिहा, ज्याला तुम्हाला परत आणायचंय. खाली पाच ओळी:

- तो मागतोय तो पगार भागिले तुमचं मार्जिन: विक्री कितीने वाढायला हवी?
- तो पगार तुमच्या महिन्याच्या एकूण खर्चाच्या किती टक्के होतो? वरच्या उदाहरणात खर्च ७०,००० वरून ९५,००० होतो आणि २५,००० म्हणजे २६ टक्के. स्टार्कएवढा हिस्सा! तेवढी रिस्क घ्यायची छाती आणि बॅंकेत शिल्लक, दोन्ही आहे का?
- त्याचं एका ओळीतलं काम.
- निकालाची तारीख.
- तुमच्या नारायणशी कधी बोलणार, तो दिवस.

पाचही ओळी भरल्या तर बिनधास्त बोलावा, मग समोरचे कितीही हसू देत. एकही ओळ रिकामी राहिली तर अजून आठ दिवस थांबा. आपल्या ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, तरी आपण रोज कामावर पोचतोच ना!

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे उधारी: कोणाला द्यायची आणि कोणाला गोड बोलून नाही म्हणायचं.